घाटाखालचे डान्सबार : कुठून आले, कुठे गेले



आजचा विषय सांगितल्यावर काही घरांत रेडिओचा आवाज बारीक होईल, हे आम्हाला माहीत आहे. सासूबाई शेजारी निवडायला बसल्या असतील तर जरा जास्तच बारीक. पण विषय आम्ही मुद्दाम घेतलाय. आज डान्सबारबद्दल बोलायचं आहे.

गटाच्या बैठकीत हा विषय दोन बाजूंनी निघतो. विशी-बाविशीतल्या मुली विचारतात, हायवेला काळ्या काचांच्या, पत्रे उडालेल्या त्या बंद इमारती कसल्या आहेत? आणि पन्नाशीच्या बाया त्या इमारतींकडे बघून तोंड फिरवतात. एकींना काहीच माहीत नाही, दुसऱ्यांना नको तितकं माहीत आहे. मधल्या वयाच्या आम्ही समन्वयक. मग आम्ही ठरवलं की जे ठाऊक आहे ते नीट लावून सांगावं. आणखी एक गोष्ट. वर्तमानपत्रांनी त्या काळी 'बारबाला' हा शब्द रूढ केला. आम्ही तो वापरणार नाही. नाचणाऱ्या बाया म्हणू. काम होतं त्यांचं ते.

सुरुवात रस्त्यापासून करू, कारण रस्ता नसता तर हे काही झालंच नसतं. जुना मुंबई-पुणे रस्ता पनवेलवरून निघतो, खालापूर तालुक्यातून खोपोलीला येतो आणि तिथून बोरघाट चढतो. घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. ज्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली त्याचं ते ठिकाण, अशी कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. गाडीवाले अजूनही तिथे नाणं टाकून पुढे जातात. देवाला नाणं टाकायच्या आधी माणूस थांबायचा तो घाटाच्या पायथ्याला. इंजिन गार करायचं, पाणी भरायचं, टायर बघायचे, पोटात काही घालायचं. वरून उतरलेलाही थांबायचा, कारण घाट उतरल्यावर हातपाय सैल होतात. जिथे गाडी थांबते तिथे चहाची टपरी लागते. टपरीचा ढाबा होतो. ढाब्याला चार खोल्या निघतात.

आता दारूचं. आपल्या राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा आहे. तो अजून रद्द झालेला नाही बरं का. कागदावर आजही दारू प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचासुद्धा मिळतो. 'परमिट रूम' हे नाव त्यातूनच आलं. परमिट असणाऱ्याने बसून प्यायची खोली, एवढाच त्याचा अर्थ. पुढे बंदी सैल होत गेली तशी परमिट रूम वाढल्या आणि हायवेच्या ढाब्यांवर 'परमिट रूम व बिअर बार' अशा पाट्या लागल्या. पाट्या वाढल्यावर मालकांपुढे प्रश्न आला की गिऱ्हाईक माझ्याकडेच का थांबेल? डाळ-रोटी सगळीकडे सारखीच, बाटलीही सगळीकडे सारखीच.

कोणी गाण्याची पार्टी बसवली. त्याला ऑर्केस्ट्रा म्हणायचे. कोणी गाण्याबरोबर नाच ठेवला. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत खालापूर भागात असे बार सुरू झाले आणि राज्यातले पहिले डान्सबार तेच, असं सांगितलं जातं. मुंबईची गोष्ट म्हणून सगळे ज्याकडे बघतात, ती म्हणे आपल्या घाटाखाली जन्माला आली. यात अभिमान वाटावा असं काही नाही आणि लाज वाटावी असंही आम्हाला वाटत नाही. रस्त्यावरचा धंदा रस्त्याच्या कडेला सुरू झाला.

तो चोरून सुरू झाला असं मात्र समजू नका. मुंबई पोलीस कायदा १९५१ चा आहे आणि त्याखाली १९६० साली सार्वजनिक करमणुकीच्या जागांचे नियम झाले. मेळे आणि तमाशे त्याच नियमांत येतात. ज्या नियमांखाली जत्रेतल्या तमाशाला परवाना मिळायचा, त्याच नियमांखाली बारमधल्या नाचालाही मिळायचा. पोलिसांचा परवाना, उत्पादन शुल्क खात्याचा परवाना, करमणुकीचं शुल्क, सगळं भरलं जायचं. विनापरवाना चालणारेही खूप होते. त्यांचं शुल्क कुठे भरलं जायचं ते तुम्हाला सांगायला नको.

आत काय चालायचं? सिनेमात दाखवतात त्यावरून लोकांच्या मनात एक चित्र असतं. 'चांदनी बार' नावाचा हिंदी सिनेमा २००१ साली आला, तब्बूचा, तो काही जणींनी टीव्हीवर पाहिला असेल. प्रत्यक्षात मधे एक मोकळी जागा किंवा बुटका चौथरा, कडेने सोफे आणि टेबलं, भिंतीला आरसे, रंगीत दिवे आणि हिंदी सिनेमाची गाणी. बाया घागरा-चोळी किंवा साडी नेसून नाचायच्या. पुष्कळशा नुसत्या गाण्यावर हलत उभ्या असायच्या. अंगावर कपडे पूर्ण असायचे, आणि हात लावायला बहुतेक ठिकाणी मनाई असायची. पुढे कोर्टात हा मुद्दा आलाच, की सिनेमात पडद्यावर जे चालतं त्यापेक्षा इथे अंग झाकलेलं असतं, मग हे अश्लील आणि ते नाही, हे कसं?

आम्हाला सांगायचंय ते पैशाबद्दल. बचत गटाच्या बायांना ते लगेच कळेल.

नाचणाऱ्या बाईला पगार नसायचा. बहुतेक ठिकाणी नसायचाच. गिऱ्हाईक काउंटरवर मोठी नोट मोडून दहा-दहाच्या नोटांची गड्डी घ्यायचं आणि त्या नोटा तिच्यावर उधळायचं, किंवा हातात द्यायचं, किंवा नोटांचा हार घालायचं. जमिनीवर पडलेल्या नोटा ती स्वतः उचलायची नाही. वेटर गोळा करायचा, तिच्या नावावर मांडायचा. रात्री बार बंद झाला की हिशेब. मालकाचा वाटा आधी निघायचा, मग वेटर, मेकअपवाली, घरी सोडणारा रिक्षावाला, आणि उरलेलं तिचं. वाटा किती, हे मालक ठरवायचा. कुठे अर्धा, कुठे जास्त.

आता आपल्या गटाचं पासबुक डोळ्यांसमोर आणा. प्रत्येकीचं नाव, प्रत्येक महिन्याची बचत, अध्यक्ष-सचिवांची सही. त्या बाईकडे यातलं काय होतं? तिच्या कमाईची वही मालकाकडे. नेमणुकीचा कागद नाही, पगाराची पावती नाही, हजेरी नाही. एखाद्या रात्री तिने शिक्षकाच्या महिन्याच्या पगाराइतके पैसे मिळवले असतील, पण ती तिथे कामाला होती हे दाखवणारी चिठ्ठीसुद्धा तिच्याजवळ नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पैसे उधळण्याची रीत काही बारवाल्यांनी शोधून काढलेली नाही. आपल्या तमाशात दौलतजादा होतीच. संगीत बारीत आजही प्रेक्षक गाण्याची फर्माईश करतो आणि पैसे ठेवतो. दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुल्याची कला केंद्रं आहेत, सोलापूर जिल्ह्यात मोडनिंबला आहेत. तीही हायवेलाच, तिथेही गाड्या थांबवूनच माणसं आत जातात. फरक एवढा की संगीत बारीची मालकीण स्वतः नाचणारी-गाणारी, किंवा कधी काळी नाचलेली असते. पार्टी तिच्या नावाने चालते, पेटी-तबलावाले तिच्या पार्टीतले असतात. जागेचा वाटा थिएटरवाल्याला जातो तो वेगळा. तिथली बाई फार सुखी आहे असं आम्ही म्हणत नाही, तिचे हाल वेगळे. पण वही कोणाच्या हातात आहे हे बघायला आपण गटात शिकलोय, म्हणून हा फरक दिसतो. बारमध्ये ती नुसती पाटीखाली उभी होती, पाटी दुसऱ्याची.

कोण होत्या या बाया? एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने आणि काही महिला संघटनांनी २००५ च्या सुमारास बारमध्ये जाऊन त्यांच्याशी बोलून अभ्यास केले. त्यातून कळलं की पुष्कळ जणी पिढ्यान् पिढ्या नाचगाण्यावर जगणाऱ्या समाजांतल्या होत्या. राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातल्या बेडिया, नट, कंजर, आपल्याकडच्या कोल्हाटी. राजेरजवाडे आणि जमीनदार गेले, मुजऱ्याला बसणारा माणूस गेला, आणि कला पोटासाठी नवी जागा शोधत बारपर्यंत आली. दुसऱ्या होत्या गरीब घरच्या. कोणाचा नवरा टाकून गेलेला, कोणाचा बाप आजारी, कोणाच्या घरातली मुंबईची गिरणी १९८२ च्या संपानंतर बंद पडलेली. काही मुलींना फसवून, पैसे घेऊन आणलेलं होतं. हेही होतं, आणि लहान वयाच्या मुलीही होत्या. दोन्ही बाजूंचे लोक आपल्याला हवं तेवढंच सांगतात. आम्ही दोन्ही सांगतो. बहुतेक जणींचं एक मात्र सारखं होतं, गावाकडे एक अख्खं घर त्यांच्या पैशावर चालायचं. घरचे पैसे घ्यायचे आणि काय काम करते ते विचारायचे नाहीत.

आता आपल्या बाजूच्या बाया. पनवेल-उरण-खालापूरच्या घरांनी काय पाहिलं?

नवी मुंबईसाठी सिडको १९७० साली स्थापन झाली आणि जमिनी जायला लागल्या. दि. बा. पाटलांनी शेतकऱ्यांचं आंदोलन उभं केलं. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जण गेले, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. हे हक्काचं होतं, रक्ताने मिळवलेलं होतं. पण जमिनीचा पैसा घरात आला तो बापाच्या, नवऱ्याच्या, मुलाच्या नावाने. सातबारावर बाईचं नाव नव्हतं, म्हणून चेकवरही नव्हतं. तोवर शेतावर राबणारी ती, आणि जमीन विकल्यावर 'तुला काय कळतं' असं ऐकणारीही ती. हातात एकदम पैसा आणि हाताला काम नाही, अशी तरणी पोरं संध्याकाळी गाडी काढून हायवेला जायला लागली. किती घरांचा पैसा तिथे गेला याचा आकडा कोणाकडे नाही. पण आमच्या बैठकीत पन्नाशीच्या बाया तोंड फिरवतात ते उगाच नाही. मंगळसूत्र मोडलेलं त्यांनी पाहिलंय. मोकळी गड्डी पाहिली आहे, प्लॉट गेलेला पाहिलाय.

त्या बायांचा राग नाचणाऱ्या बाईवर होता. आम्हाला त्याचं नवल वाटत नाही. रात्री तीनला दारात उभं राहणाऱ्या बाईला समोर दुसरी बाईच दिसते. नोट उधळणारा हात आपल्या घरातला असतो, तो दिसूनही न दिसल्यासारखा करावा लागतो.

मग २००५ साल आलं. विधानसभेत रायगडमधल्या डान्सबारचा प्रश्न निघाला आणि ३० मार्चला आर. आर. पाटलांनी डान्सबार बंद करण्याची घोषणा केली. आबा तेव्हा उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री होते. ग्रामस्वच्छता अभियानामुळे खेड्यातल्या बायांना ते आपले वाटायचे. घोषणा आधी मुंबई सोडून बाकी राज्यापुरती होती, मग मुंबईही त्यात आली. वटहुकमावर राज्यपालांनी सही केली नाही, म्हणून विधेयक आणलं. २१ जुलैला ते विधानसभेत एकमताने मंजूर झालं आणि १५ ऑगस्टपासून बंदी लागू झाली. गावोगावी आनंद झाला. खोटं कशाला बोला, पुष्कळ महिला मंडळांनी अभिनंदनाचे ठराव केले.

त्याच दिवसांत मुंबईच्या आझाद मैदानावर दुसऱ्या बाया जमल्या होत्या. नाचणाऱ्या बाया, हजारोंनी, तोंडाला ओढणी बांधून. तोंड झाकलं होतं कारण गावाकडे टीव्ही होता. त्यांची संघटना झाली होती आणि वर्षा काळे तिच्या अध्यक्ष होत्या. राज्यात अशा ७५ हजार बाया आहेत असं संघटनेचं म्हणणं होतं.

कायदा काय होता ते जरा सावकाश बघू. मुंबई पोलीस कायद्यात ३३-अ आणि ३३-ब अशी दोन कलमं घातली. ३३-अ ने खाण्याची जागा, परमिट रूम, बिअर बार इथे कोणत्याही प्रकारच्या नाचाला बंदी केली. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंड. ३३-ब ने सूट दिली. कोणाला? नाट्यगृह, सिनेमागृह, क्लब, जिमखाना आणि तीन तारे किंवा त्याहून वरच्या दर्जाची हॉटेलं. म्हणजे घाटाखालच्या बारमध्ये नाचली तर गुन्हा, आणि मोठ्या हॉटेलात तीच बाई तेच गाणं लावून नाचली तर करमणूक.

कोर्टात हेच अडलं. बारमालकांची संघटना, बायांची संघटना आणि काही महिला संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. १२ एप्रिल २००६ ला न्यायमूर्ती रेबेलो आणि न्यायमूर्ती रोशन दळवी यांनी बंदी घटनेला धरून नाही असा निकाल दिला. घटनेचं कलम १४ म्हणतं की कायद्यापुढे सगळे सारखे. कलम १९ मधला एक भाग म्हणतो की प्रत्येकाला आपल्या पसंतीचा कामधंदा करता येईल. लहान हॉटेल आणि मोठं हॉटेल यांत असा भेद केला तर पहिलं मोडतं, आणि बाईला नाचण्याचं कामच करू दिलं नाही तर दुसरं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, निकाल थांबवला गेला, आणि बार बंदच राहिले. सात वर्षं.

१६ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. बंदीमुळे पुष्कळ बायांना देहविक्रयाकडे वळावं लागलं याचीही न्यायालयाने दखल घेतली, आणि नाच बंद करण्यापेक्षा तिथल्या बायांची सुरक्षितता आणि कामाची परिस्थिती सुधारा, असं सुचवलं. मग २०१४ मध्ये विधिमंडळाने पुन्हा कायदा केला, यावेळी मोठ्या हॉटेलांची सूटच काढून टाकली. भेदभाव म्हणता ना, मग सगळ्यांनाच बंदी. त्यालाही २०१५ मध्ये न्यायालयाने स्थगिती दिली. २०१६ मध्ये तिसरा कायदा आला. त्यात उघड बंदी नव्हती, अटी होत्या. शाळा आणि देवळापासून एक किलोमीटर लांब पाहिजे, सीसीटीव्ही पाहिजे, नाचाची जागा आणि दारूची जागा यांत आडभिंत पाहिजे. मुंबईसारख्या शहरात देऊळ किंवा शाळा नाही असा एक किलोमीटर दाखवा बरं कोणी. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या तीन अटी काढून टाकल्या. संध्याकाळी ६ ते रात्री ११.३० ही वेळ ठेवली. नोटा उधळण्याला बंदीही ठेवली, मात्र हातात बक्षिसी द्यायला हरकत नाही म्हटलं.

आणि एक अट राहिली, ती आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. काम करणाऱ्या बाईशी लेखी करार पाहिजे आणि तिचा मोबदला बँक खात्यात जमा झाला पाहिजे. १९८० पासून जे कोणाला सुचलं नाही ते २०१६ च्या कायद्यात लिहिलं गेलं, तेही असे बार उरले नसताना.

परवाने मग मिळाले का? नावाला. हायवेला आज ज्या पाट्या दिसतात त्यांवर 'ऑर्केस्ट्रा' असतं. तिथे गाणं चालतं, नाच नाही, निदान कागदावर तरी. त्यातही परवान्यात अट होती की मंचावर चार बाया आणि चार पुरुष, त्याहून जास्त नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बाया-पुरुषांची वाटणी रद्द केली. आठ जण ठेवा, पण त्यात किती बाया असाव्यात हे सरकारने ठरवायचं नाही.

आमच्या भागात कायद्याच्या आधीच अर्धा धंदा रस्त्याने मोडला होता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ पर्यंत पूर्ण झाला आणि घाटाखाली थांबणाऱ्या गाड्या वरच्या वर निघून जायला लागल्या. फूड मॉलला थांबतात आता. जुन्या रस्त्याचे ढाबे ओस पडले. बंद इमारतींचं काय झालं म्हणाल, तर काहींचे लॉज झाले, काहींचे हॉल, काही तशाच आहेत, आत पिंपळ उगवलेत.

बायांचं काय झालं हे मात्र कोणी एका ठिकाणी नीट लिहून ठेवलेलं नाही. काही ऑर्केस्ट्रा बारमध्ये गाणारी म्हणून उभ्या राहिल्या, गाणं येत नसताना. काही आखाती देशांत गेल्या. काही दुसऱ्या राज्यांत. पुष्कळ जणी देहविक्रयात ढकलल्या गेल्या, हे कोर्टानेच म्हटलं. पुनर्वसनाचं बोलणं सरकारने केलं होतं, पण पुनर्वसन कोणाचं करायचं याची यादी कुठून काढणार? मघाशी जे लक्षात ठेवा म्हटलं ते इथे लागतं. गिरणी बंद पडली तेव्हा कामगाराकडे निदान तिकीट नंबर होता. खाण बंद पडली तर हजेरीपट असतो. यांच्याकडे काहीच नव्हतं. इतकी वर्षं काम केलेल्या बाईला 'तू कामगार होतीस याचा पुरावा दाखव' म्हटलं तर ती काय दाखवणार? बाहेरच्या राज्यातल्या आहेत, परदेशी आहेत, असं बोलून पुष्कळांनी विषय संपवला. बारमालक दुसऱ्या धंद्यात गेले. गिऱ्हाईकं घरी आली. बंदीने काम गेलं ते एकट्या बाईचं.

काही जणी आम्हाला विचारतात, मग तुम्ही बंदीच्या बाजूच्या की विरुद्ध? आमच्यातच दोन मतं आहेत, आणि बैठकीत त्यावरून आवाज चढलेले आहेत. दारूच्या अड्ड्याबद्दल मात्र आमच्यात एकमत आहे. दारूचं दुकान नको असेल तर त्याला स्वतंत्र वाट आहे, आणि तिच्यात कोणा बाईची भाकरी जात नाही. २००८ च्या नियमांप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की सह्यांची तपासणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. उभी बाटली आणि आडवी बाटली तुम्ही ऐकली असेल. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर परवाना असलेलं दुकान बंद होतं. लक्षात घ्या, झालेल्या मतदानाच्या निम्मे नव्हे, यादीतल्या एकूण बायांच्या निम्म्याहून जास्त. पुष्कळ गावांत इथेच हरतात, कारण लग्न होऊन गेलेल्या आणि वारलेल्या बायांची नावं यादीत तशीच असतात. मागणीच्या आधी मतदार यादी स्वच्छ करून घ्या.

आता हायवेच्या हॉटेलांत आपल्याच गटातल्या बाया कामाला आहेत. भाकऱ्या थापतात, भांडी घासतात, स्वयंपाकघर सांभाळतात, काही जणी रात्री काउंटरला बसतात. त्यांची मजुरी रोख मिळते, रोजच्या रोज, आणि लिहून कुठेच नसते. त्यांना आम्ही परवाच्या बैठकीत तीन गोष्टी सांगितल्या, त्या इथेही सांगतो. हॉटेल कामगारांना किमान वेतन लागू आहे, दर काय आहे तो कामगार कार्यालयात विचारता येतो. कायद्याने ठरवलेल्या संख्येइतकी किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे रात्री साडेनऊ ते सकाळी सातपर्यंत बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि संमती असली तरी सुरक्षितपणे ने-आण करण्याची जबाबदारी मालकाची. आणि कामाच्या जागी कोणी अंगाशी आलं, घाणेरडं बोललं, तर २०१३ च्या कायद्याखाली तक्रार करता येते. दहाहून कमी माणसं असलेल्या हॉटेलसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते, तक्रार तीन महिन्यांच्या आत, लेखी. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची आहे.

रोख मजुरी मिळत असेल तर निदान एवढं करा. गटाच्या वहीच्या मागच्या पानावर स्वतःची हजेरी मांडा, तारीख, तास, मिळालेले पैसे, आणि महिन्याच्या शेवटी मालकाकडून किंवा मॅनेजरकडून त्यावर सही घ्या. सही देत नसेल तर शक्य तिथे पैसे खात्यावर पाठवायला सांगा, म्हणजे पासबुकात नोंद राहील. आमच्या गटातल्या एका मावशींनी ढाब्यावर अकरा वर्षं भाकऱ्या थापल्या. मालक बदलल्यावर नव्या मालकाने विचारलं, तुम्ही इथे कधीपासून? मावशींनी वही काढून पुढे ठेवली. पहिली तीन वर्षं त्यात नव्हती, पुढची आठ होती. हिशेब आठ वर्षांचाच झाला.